वळणं काढलेली पायवाट

डोंगर एकमेकांशी भांडायचे, त्या काळची गोष्ट. सात टेकड्यांवरच्या वाटा जोडून हौशी चालणाऱ्यांसाठी एक लांबलचक वाट करायचं ठरलं. कुदळ म्हणाली, “मावशी, तुझी वळणं काढून पायऱ्या घालू का?”

एकटेपणाला कंटाळलेली म्हातारी पायवाट हरखली. “घाल गं बाई!”

त्या वळणांवरूनच जात्याएवढं कासव रोज एकुलत्या झऱ्यावर चढायचं, हे तिला आठवलंच नाही.

कासव पहिल्याच पायरीशी अडलं. “छान दिसतेस हो,” ते म्हणालं. “माझं काय, दव चाटून भागेल.”

वैशाखात दव पडेना. वाटेवर मात्र माणसं मावेनात. दमलेली मंडळी पायथ्याच्या एका गोल दगडावर टेकायची, बुटांतले खडे झाडायची. पायवाट दर वेळी म्हणायची, “जपून बसा रे. दगड नाही तो.”