दाजीबांच्या शेजारची फळी

“पण मी बसायचं कधी, आबा?”

दाजीबा मेस्त्रींनी मान वर केली नाही. सागाच्या चौकटीचा सांधा ते जुळवत होते. एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत उतरत होतं. मोगरीचा एक हलका ठोका, मग थांबणं. पुन्हा एक ठोका.

“बसू दे,” ते म्हणाले.

दिनकरला वाटलं, परवानगी मिळाली. तो लगबगीनं खाली टेकायला गेला.

“तू न्हवं. हे.”

दाजीबांचं बोट सांध्यावर होतं. दिनकर पुन्हा उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

आजऱ्याकडच्या त्या गावात दाजीबांच्या मेटावर, म्हणजे सुतारकामाच्या जागी, एक रीत होती. शिकणाऱ्यानं उभं राहायचं. लाकूड धरायचं, पटाशी हातात द्यायची, ढलप्या गोळा करायच्या. हात तयार झाला असं दाजीबांना वाटलं, की मग त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून काम करायचं. त्यालाच तिथं ‘बसणं’ म्हणत.

दिनकर तसा नवखा नव्हता. गडहिंग्लजला त्याचं फर्निचरचं दुकान होतं. कपाटं करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. ते दुकान दिवाळीपासून बंद ठेवून तो इथं ढलप्या वेचत होता. डोकं फिरलंय का, असं बायकोनं विचारलं होतं. खिळा न मारता सांधा करायला शिकायचंय, एवढंच तो तिला म्हणाला. खरं कारण त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं आणि दाजीबांनाही.

दाजीबांच्या उजव्या हाताला एक फणसाची फळी होती. बसण्यापुरती, पिवळी, गुळगुळीत. तिच्यावर कधी कुणी बसत नसे. तरी रोज सकाळी दाजीबा खांद्यावरच्या टॉवेलानं ती पुसत.

“ही कुणाची, आबा?”

“बसंल त्याची.”

“मग मी बसतो की.”

“बसलास तर बसशील.”

दिनकर याचा अर्थ लावत राहिला. लागला नाही. सरळ बोलण्याचं या म्हाताऱ्याला वावडंच होतं.

त्या दुपारी दाजीबा जेवून जरा आडवे झाले, तेव्हा दिनकरनं ठरवलं, की आता दाखवूनच द्यायचं. त्यानं दोन तुकडे घेतले, आखले, कापले, कोरले. मोगरीचे दणादण ठोके घालून सांधा आत घातला. केस जायलाही फट राहिली नाही. त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

दाजीबा उठून जागेवर येऊन बसताच त्यानं तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

दाजीबांनी तो कानाशी नेला. बोटाच्या पेरानं वाजवला.

“बसला न्हाई.”

“नाही कसा? फट दाखवा मला!”

“फट न्हाई.”

“मग?”

“कोंबलाय.”

“आत गेलाय ना? झालं तर मग!”

 दाजीबांनी तो सांधा फळीवर ठेवला आणि रंधा ओढायला घेतला.

दिनकर वाट पाहत उभा राहिला. कसली, ते त्यालाही कळत नव्हतं.

चट्.

खाचेच्या कडेपासून टोकापर्यंत लाकूड उभं चिरलं होतं.

“ऐकलंस?” दाजीबा म्हणाले. “आता बोललं. मगाशी हळू बोलत हुतं.”

दिनकरचा संताप मस्तकात गेला. गेल्या दिवाळीपासून गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

“तुम्हाला कुणाला बसवायचंच नाहीये! माझ्या बापालाही तुम्ही असंच उभं ठेवलंत, आणि शेवटी हाकलून दिलंत!”

रंधा थांबला.

“कोण तुजा बा?”

“म्हादू सुतार. गडहिंग्लजचा.”

दाजीबांचा हात रंध्यावरच राहिला. मान मात्र खालीच होती.

“म्हाद्या...” ते म्हणाले. “कसा हाय?”

“गेला. पावसाळ्याच्या आधी.”

...

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली. दाजीबांनी टॉवेलानं तोंड पुसलं, मग उगाच रंध्याचं पातं पुसलं.

“वडिलांनी पुन्हा कधी असा सांधा केला नाही,” दिनकर म्हणाला. त्याचा आवाज आता उतरला होता. “नुसते खिळे मारले. आणि जन्मभर उभं राहून काम केलं. पाय सुजायचे, तरी खाली बसून पटाशी धरली नाही. आई म्हणायची, बसा की जरा. तर म्हणायचे, मला माझ्या मेस्त्रीनं बसवलं नाही. ज्या जागी ते बसले नाहीत, तिथं एकदा मला बसायचंय. म्हणून आलो.”

“मी हाकललं म्हनायचा?”

“हो.”

“काय बोललो म्हनून सांगायचा?”

“तुम्ही म्हणालात, आता बस.”

“मग?”

“मग काय? आता बस, पुरे. त्यांनी मोगरी खाली ठेवली आणि निघाले.”

दाजीबांनी रंधा खाली ठेवला. 

“त्या दिशी म्हाद्याचा सांधा बसला हुता,” ते म्हणाले. “पयला. मी हातात घिऊन वाजवून बघत हुतो. त्याच्याकडंच बघत बोललो.”

“कुणाकडं?”

“सांध्याकडं. लई झ्याक बसला हुता... मान वर केली, तर दारात कुनी न्हाई. म्हनलं, तंबाखू आनाय गेला असंल.”

दिनकर फळीकडं पाहत राहिला.

“फळी आदल्या दिशीच रंधून ठिवली हुती,” दाजीबा म्हणाले.

“म्हणजे तुम्ही त्यांना...”

 घरात इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट दिनकरच्या डोक्यात उलटी व्हायला लागली आणि अर्ध्यातच अडकली. बापानं ऐकलं ते खरं, की म्हातारा सांगतोय ते? की हा आता वय झाल्यावर स्वतःची समजूत घालतोय?

“मग परत का नाही बोलावलंत?”

“मला वाटलं, त्याला ऱ्हायाचं न्हाई. मी का बलवू? माझा बी ताठा हुता.”

“आणि ते म्हणायचे, मेस्त्रीनं बोलावलं असतं तर धावत गेलो असतो.”

...

दाजीबांनी चिरलेला सांधा उचलून बाजूच्या ढिगात टाकला. सागाचे दोन नवे तुकडे दिनकरच्या पायाशी सरकवले. काहीच झालं नाही अशा थाटात रंधा पुन्हा ओढायला लागले.

दिनकरला जावंसं वाटत होतं आणि राहावंसंही. रडू येत होतं, आणि ते नक्की कुणासाठी येतंय हे कळत नव्हतं. शेवटी त्यानं तुकडे उचलले, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

त्यानं आखलं. कापलं. घाई केली नाही. घाई करून पोचायचं कुठं, हेच आता त्याला माहीत नव्हतं. खाच कोरली. टोक लावून पाहिलं, काढलं, पटाशीनं जरासं तासलं. पुन्हा लावलं.

मोगरी उचलली. एक ठोका घातला आणि थांबला.

टक्.

दुसरा ठोका.

टक्.

तिसऱ्याला आवाज बदलला. ठप्प. बापाच्या हातून हा आवाज निघालेला त्यानं कधी ऐकला नव्हता. तरी तो ऐकताच त्याचा हात वरच्या वर राहिला.

आणखी एक घालावा का? की झालं?

दाजीबांचा रंधा थांबला होता. ते सांध्याकडं बघत होते.  त्यांनी टॉवेल काढून फळी पुसली. सकाळी पुसलेलीच होती.

दिनकर मोगरी हातात धरून तसाच उभा. दार त्याच्या पाठीशी होतं, फळी समोर होती.

दिवाळीपासून बोलताना ज्यांनी एकदाही त्याच्याकडं पाहिलं नव्हतं, त्या दाजीबांनी मान वर केली. सांध्यावरून नजर काढली आणि सरळ दिनकरच्या डोळ्यांत पाहिलं.

“आता बस.”