पाण्यातला आंबा

धरणाचं पाणी गावावरून पसरलं, त्यानंतरच्या काळातली ही गोष्ट. अभयारण्याच्या काठावरच्या जांभळीला एकच गोष्ट खुपायची. धरण बघायला आलेली माणसं तिच्याकडे पाठ करून पाण्यातल्या वाळक्या आंब्याचे फोटो काढायची.

एके दिवशी ती फांदीवरच्या शेकरूला म्हणाली, "आता मीही पानं गाळून टाकते बघ."

"अगं बाई, माझी पिल्लं उन्हात पडतील ना!" शेकरू कळवळलं.

तिथंच बसलेला खंड्या म्हणाला, "थांब, आधी मी त्या आंब्याला विचारून येतो." तो गेला आणि मान खाली घालून परतला.

"आंबा म्हणाला, गाव होतं तेव्हा माणसं माझ्या सावलीत भाकरी सोडायची, मला टेकून डुलकी काढायची. वर कुणी कधी पाहिलं नाही. आता सगळे पाहतात, पण टेकायला कुणी येत नाही."

दुपारी शेंगा विकणारी कोंडाबाई पाटी उतरवून जांभळीच्या बुंध्याला टेकली आणि वर न बघताच झोपी गेली. थोड्या वेळानं तिच्या तोंडावर ऊन आलं, तशी जांभळीनं आपली एक फांदी हलकेच खाली केली.