उशिरा बोलणारी जमीन

एकदा एका उघड्या कोळसाखाणीत एक वृद्ध भूशास्त्रज्ञ आणि त्यांचा शिष्य सुरुंगापूर्वी खडक तपासायला उतरले. रीत साधी होती. कंप टिपणारे चोवीस छोटे 'कान' ओळीने जमिनीत रोवायचे, लोखंडी पाटावर घण घालायचा आणि हादरा कुठे किती वेळात पोचला ते पाहायचे. त्यावरून कोणत्या छिद्रात किती स्फोटके भरायची ते ठरे.

शिष्य हुशार होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मात्र त्याला कुणी सांगितले नव्हते. ओळीच्या मधले तीन कान अंतराच्या मानाने उशिरा बोलले, तेव्हा ते बिघडले असे समजून त्याने त्यांचे आकडे खोडले, तिथे शेजाऱ्यांची सरासरी भरली आणि सुरुंगाच्या आराखड्यावर सही केली. आलेख आता सुबक दिसत होता.

"साहेब, टाइम होऊन राहिला," स्फोटके भरणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणाला. "माझे नऊ माणसं छिद्रापाशी बसून हायेत. भराची का?"

वृद्धांनी खोडलेले आकडे पाहिले आणि एक विचित्रच गोष्ट केली. ते तीन कान उपटून त्यांनी ओळीच्या टोकाला रोवले, टोकाचे चांगले तीन मध्ये आणले आणि शिष्याला पुन्हा घण घालायला लावला.

टोकाला नेलेले कान वेळेवर बोलले. मध्ये आणलेले तीन, जे आतापर्यंत अचूक होते, तेच उशिरा बोलले. शिष्य त्या तीन कानांपाशी जाऊन वाकला. भर दुपारी, वारा मुळीच नसताना, तिथल्या छिद्राच्या तोंडावरची धूळ हळूहळू वर उठत होती. आतून गार, कुबट हवा येत होती. जणू जमीन श्वास सोडत होती.

"आधी माणसे वर घे," वृद्ध हलकेच म्हणाले. "पळवू नकोस. एकेक करून."

सगळे वरच्या टप्प्यावर आल्यावर ते म्हणाले, "खाली कुणीतरी आपल्याआधी खणून गेले आहे. ती पोकळी कुठल्याच नकाशात नाही. हादऱ्याला तिला वळसा घालून यावे लागले, म्हणून उशीर झाला. एकवीस कानांनी तुला ठाऊक असलेलेच सांगितले. नवे सांगणारे तीनच होते, आणि तू त्यांनाच गप्प केलेस."

इतक्यात खालून काहीतरी कोसळल्याचा दबका आवाज आला. छिद्रांच्या मधोमध जमीन हातभर खचली.

"काय झालं जी?" मुकादमाने विचारले.

शिष्याला खोटे बोलता आले असते. "मी तुम्हाला तिथे भरायला सांगणार होतो," तो म्हणाला. "चूक माझी होती."

मुकादमाने त्याच्याकडे पाहिले. मग तो वळला आणि आपली माणसे मोजू लागला.