झिपरूने विषय वर लावला

एका गावात एक भोळा झिपरू होता. भोळा म्हणजे किती? आईने "दाराकडे बघ" म्हटलं, की चोर खिडकीतून शिरला तरी हा दाराकडेच बघणार.

या गावाचा मोबाइलवर एक कट्टा होता. पारावर बसायला कुणाला वेळ नाही, म्हणून गाव तिथे भांडायचं. त्या गदारोळात कामाची गोष्ट कुणाला सापडायची नाही. म्हणून एखादा विषय सगळ्यांच्या वर चिकटवून ठेवायची सोय होती. तिथे काय होतं? सरपंच यमुनामावशींचा वाढदिवसाचा फोटो. वाढदिवस कधीच होऊन गेला होता.

मावशींनी कट्टा झिपरूच्या हाती दिला. "महत्त्वाचं असेल ते वर लाव. नीट सांभाळलंस तर माझ्या माहेरची पोरगी तुला बघते."

झिपरू लाजला. त्याची आई देवापुढे साखर ठेवून आली. पोराचं लग्न जमेना म्हणून बिचारीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पाणी सोडणाऱ्याने लिहिलं, "उद्या पहाटे नळाला पाणी." झिपरूने वर लावलं. पाणी आलं, गेलं, विषय वरच. बायका रोज पहाटे हंडे घेऊन हजर आणि नळ कोरडा ठणठणीत.

मावशी कडाडल्या, "अरे ठोंब्या, काम झालं की खाली काढायचं!"

"असं होय!" झिपरूने पाण्याचा विषय खाली काढला, मावशींचा फोटोही खाली काढला.

"माझा सोडून रे!"

मग भिकूबाबा वारले. लेकाने लिहिलं, "बाबा गेले. सोमवारी तेरावं, सगळ्यांनी जेवायला यावं." झिपरूने वर लावलं. बाबांना पोचवून आला, आंघोळ केली आणि विषय काढून टाकला. बाबांचं काम झालं होतं ना! सोमवारी मांडवात लेक आणि लाडवांची परात, बाकी कुणी नाही.

"गाढवा," मावशींनी कपाळ बडवलं, "सगळ्यांनी बघितल्याशिवाय वरून हलवायचं नाही!"

"असं होय!"

तरी मावशींनी शब्द पाळला. माहेरचे सखारामबुवा पोरगी द्यायला तयार झाले. म्हणाले, "गावात जरा चौकशी करतो, मग सुपारी फोडू."

झिपरूने विचार केला. लग्न म्हणजे महत्त्वाचं. चौकशी गावात. आणि गाव कुठे असतं? कट्ट्यावर! त्याने विषय वर लावला, "झिपरूला पोरगी द्यावी का? सगळ्यांनी मत द्या."

एरवी गाव काही वाचत नाही. हे मात्र सगळ्यांनी वाचलं.

"पोरीला रोज पहाटे कोरड्या नळावर उभं करायचं असेल तर द्या," बायकांनी लिहिलं.

"लाडू उरलेत, साखरपुड्याला चालतील का?" भिकूबाबांच्या लेकाने लिहिलं.

आई धावत आली. "काढ ते, मेल्या! पाहुणे बघतील!"

"पाहुण्यांनी अजून बघितलंच नाही, मग कसं काढू?" झिपरू म्हणाला. आणि त्याने सखारामबुवांनाच कट्ट्यावर घेतलं.

बुवांनी सगळं वाचलं. चार दिवसांनी त्यांनी कट्ट्यावरच पत्रिका टाकली. पोरीचं लग्न ठरलं होतं, शेजारच्या गावच्या पोराशी.

आई डोक्याला हात लावून खाली बसली.

"रडतेस काय आई? पोरीचं लग्न ठरलं, काम झालं!" झिपरूने आपला विषय खाली काढला. मग पत्रिका वर लावली आणि खाली लिहिलं, "महत्त्वाचं आहे. सगळ्यांनी यायचं. लाडू आपल्याकडचे."