काठीखालचा अंगठा

“...पण अक्का, क्षमेहून मोठं काय आहे?”

मठातला शिष्य विश्वंभर यानं असं विचारलं, जसं काही उत्तर त्याच्याच खिशात होतं. पोथी नुकतीच वाचून झाली होती, आणि उपदेशाला माणूसही मिळालं होतं.

माणूस म्हणजे सगुणा. मठाच्या ओसरीवर ती मेथी निवडत होती. नवऱ्यानं पोळलेला डावा हात अजून नीट वळत नव्हता. मार चुकवून ती दोनदा माहेरी गेली, आणि दोन्ही वेळा सख्ख्या भावानंच तिला परत नेऊन सोडलं. मग ती इथं आली, कृष्णाक्कांच्या मठात.

आज नवरा फाटकाशी उभा होता. ठावठिकाणा भावानंच सांगितला. दुसरं कोण सांगणार!

“बेलभंडार उचललाय त्यानं,” विश्वंभर म्हणाला. “पुन्हा हात लावणार नाही म्हणतो. बाईनं धरणीसारखं असावं. क्षमा करावी अन् नांदायला जावं.”

सगुणाचा हात जुडीवरच थांबला. अक्का ‘जा’ म्हणाल्या, तर कुठं राहायचं?

अक्का उठल्या. विश्वंभरपाशी आल्या. काठीचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवलं आणि सगळा भार दिला.

“आई गं! अक्का, पाय!”

“चुकलं रे बाबा.” काठी हलली नाही. “क्षमा कर.”

“केली! केली! आधी काठी उचला!”

“आधी?”



विश्वंभरनं हिसका देऊन पाय सोडवला.

सगुणाला हसू फुटलं. आपण शेवटचं कधी हसलो होतो, ते तिलाच आठवेना. तिनं मेथी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि कुणालाही न विचारता फाटकाशी गेली.

“मी येत नाही.”

“अगं, शपथ घेतलीय मी!” नवरा ओरडला.

“घेतलीत ना? मग पाळा. मी नसले की सोपी जाईल.”

तिनं फाटकाला आतून कडी घातली. परत येऊन मेथी पुढ्यात ओढली. छान वाटत होतं.

विश्वंभर अंगठा चोळत बसला होता. पण जित्याची खोड!

“अक्का... क्षमा तर राहिलीच की.”

अक्कांनी त्याच्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं.

“दुखायचं थांबलं, की मला सांग.”