शाल्मलीला काय येतं

फार जुन्या काळी, आज ज्याचं नावही कुणाला आठवत नाही अशा एका राज्यात, डोंगरावर एक मोठं विद्यापीठ होतं. व्याकरण, गणित, न्याय, राज्यनीती, सगळं तिथं शिकवलं जाई. शिक्षण संपलं की विद्यार्थी राजधानीत जात आणि अमात्यांकडे काम मागत. त्यांतले बरेचसे काही दिवसांनी तोंड पाडून परत येत. लोक म्हणत, त्यांचं नशीब. विद्यापीठाच्या आचार्यांनाही तसंच वाटे.

एका वर्षी शाल्मली नावाची विणकराची मुलगी शिकून तयार झाली. वादसभेत तिच्यासमोर कुणी टिकत नसे. ती मोठ्या उमेदीनं राजधानीत गेली आणि अमात्यांपुढे उभी राहिली.

अमात्य वृद्ध होते आणि थोडं बोलत. त्यांनी विचारलं, "तुला काय येतं?"

शाल्मलीनं शिकलेल्या ग्रंथांची नावं सांगितली. ती सांगून संपेपर्यंत अमात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तू शिकलीस," ते म्हणाले. "मी विचारतोय ते वेगळं. तुझ्या हाती काम दिलं, तर कोणतं नीट होईल आणि कोणतं बिघडेल?"

"कोणतंही दिलंत तरी नीट होईल," शाल्मली म्हणाली.

"असं म्हणणारे माझ्याकडे रोज येतात," अमात्य म्हणाले. "त्यांना कुठं पाठवावं ते मला कळत नाही, आणि त्यांनाही सांगता येत नाही. तू परत जा, मुली."

शाल्मली डोंगर चढून परत आली ती रागानं धुमसतच. आचार्य बागेत झाडांना आळी करत होते. तिनं नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "आचार्य, मला एवढं सगळं शिकवलंत. मग मला काय येतं, ते का नाही शिकवलंत?"

आचार्यांचे हात थांबले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. परत आलेली मुलं मान खाली घालून आपापल्या गावी निघून जात.

हातातलं खुरपं बाजूला ठेवून ते म्हणाले, "ते मला शिकवता येणार नाही, कारण ते मला ठाऊक नाही. तुलाही ठाऊक नाही. पण शोधायला मी तुला मदत करीन."

"कसं शोधायचं?"

"पायथ्याच्या गावात जा. मिळेल ते काम धर. अधूनमधून वर ये आणि मला तीन गोष्टी सांग. काय करताना तुला वेळेचं भान राहिलं नाही, तुझ्या हातून काय बिघडलं, आणि लोक आपण होऊन तुझ्याकडे कशासाठी आले."

त्याच सुमारास वडिलांचा निरोप आला. काम मिळत नसेल तर घरी ये, माग तुझी वाट पाहतोय. निरोप आणणाऱ्याला शाल्मली म्हणाली, "बाबांना सांगा, मागावर बसायची मला लाज नाही. पण हार मानून बसणार नाही. थोडं थांबा म्हणावं."

पायथ्याच्या गावात व्यापारी वाटेवर एक धर्मशाळा होती. ती भागाई नावाची बाई चालवी. तिनं शाल्मलीला धान्याच्या कोठाराचा हिशेब दिला. गणितात पहिली आलेली शाल्मली त्या हिशेबाला लवकरच कंटाळली. तिचं लक्ष उडे आणि डाळीच्या जागी तांदूळ मांडले जात.

"हे तुझं काम नव्हे पोरी," भागाई म्हणाली. "चुकलीस म्हणून नाही सांगत. तुझं मन त्यात नाही, ते दिसतंय."

शाल्मलीला ते फार लागलं. तरी वर जाऊन तिनं आचार्यांना जसंच्या तसं सांगितलं. आचार्य एवढंच म्हणाले, "बरं झालं. एक गोष्ट कळली. आता पुढं बघ."

भागाईनं तिला वाटसरूंची व्यवस्था पाहायला लावलं. तिथं रोज भांडणं. कुणाचे बैल कुणाच्या वैरणीला तोंड लावत, तर विहिरीवर आधी पाणी कुणी भरायचं यावरून तांडे एकमेकांवर धावून जात. शाल्मली दोघांच्या मध्ये बसे. एकाचं सगळं ऐके, मग दुसऱ्याचं. नंतर एकाचं म्हणणं दुसऱ्याला अशा शब्दांत सांगे, की त्याचा आवाज आपोआप खाली येई. दिवस कधी मावळला ते तिला कळत नसे. हळूहळू लोक भागाईला ओलांडून तिलाच शोधत येऊ लागले.

शाल्मलीला वाटलं, सापडलं. आता राजधानीत जायला हरकत नाही.

पण तेवढ्यात एक वाईट गोष्ट घडली. एका व्यापाऱ्यानं कोपऱ्यातली उबदार खोली मागितली. त्याला नाही म्हणवेना, म्हणून शाल्मली हो म्हणाली. थोड्या वेळानं एक मुलगी आपल्या आजारी म्हाताऱ्या बापासाठी जागा विचारायला पुढं आली. तिलाही नाही म्हणवेना. तीच खोली शाल्मलीनं तिलाही कबूल केली. व्यापारी त्यांच्या आधी येऊन दार लावून आत झोपला, आणि तो म्हातारा थंडीत ओसरीवर पडून राहिला. सकाळी त्याला तापानं शुद्ध नव्हती.

म्हातारा वाचला, पण त्याच्या उशाशी बसून काढलेले दिवस शाल्मलीला फार जड गेले. मुलगी तिला एकच वाक्य बोलली. "ताई, नाही म्हणाला असतात तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो."

शाल्मली डोंगर चढून गेली. आचार्यांसमोर तिनं काहीही लपवलं नाही. "समोरच्याचं मन मोडवत नाही, म्हणून मी शब्द देऊन बसते," ती म्हणाली. "आजच नाही, नेहमीच. वादसभेतही टाळ्यांसाठीच बोलत होते मी."

"मग आता सोडून देणार?" आचार्यांनी विचारलं.

"नाही. परत खाली जाणार. नाही म्हणायला शिकल्याशिवाय वर येणार नाही."

आणि ती गेली. खोली दिलेली असली की दुसऱ्याला ती सरळ नाही म्हणू लागली. लोक रागावले, कुणी तिला गर्विष्ठ म्हटलं. तरी तिनं नेम सोडला नाही. खात्री केल्याशिवाय ती कुणालाही शब्द देईना. पुढचा सगळा उन्हाळा तिनं असा काढला.

मग ती पुन्हा अमात्यांपुढे गेली. म्हणाली, "भांडणाऱ्या दोघांचं ऐकून त्यांना एका जागी बसवणं मला येतं. कोठाराचा हिशेब देऊ नका, तो बिघडेल. आणि मी घाईनं शब्द देते. त्यावर लगाम घालायला शिकले आहे, पण लक्ष ठेवावं लागतं."

अमात्य म्हणाले, "स्वतःचा दोष माझ्यापुढे कशाला सांगितलास?"

"काम माझ्या भरवशावर सोपवणार आहात. मग भरवसा कुठं ठेवायचा नाही, तेही तुम्हाला ठाऊक हवं."

सीमेवर दोन गावं एका पाटाच्या पाण्यासाठी काठ्या उगारून उभी होती. अमात्यांनी तिला तिकडे पाठवलं. दोन्ही गावांनी आल्याआल्या तिच्याकडून वचन मागितलं. तिनं कुणालाही दिलं नाही. ती पाटाच्या काठानं फिरली, घराघरांत बसली, सगळ्यांचं ऐकलं. पावसाळा संपता संपता दोन्ही गावांनी मिळून पाण्याच्या पाळ्या ठरवल्या आणि त्या पुढं पिढ्यान्‌पिढ्या चालल्या.

इकडे डोंगरावर आचार्यांनी एक नवा शिरस्ता घातला. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्यानं खाली जाऊन काम धरायचं, आणि वर येऊन आचार्यांपाशी बसून स्वतःविषयी खरं बोलायचं. तोंड पाडून परतणारी मुलं त्यानंतर फार थोडी दिसू लागली.

तात्पर्य : विद्या गुरूकडून मिळते, पण आपल्याला काय जमतं आणि आपण कुठं चुकतो हे प्रत्यक्ष काम करून ओळखलं, तरच ती विद्या कामी येते.