बुजवलेली खोली

टेकडीवर वारा फार होता, म्हणून टेकडीला भिंत होती. भिंत मातीची, आणि माती धरून राहावी म्हणून तिच्यात लोकर कालवलेली. वारा सुटला की भिंतीतून गेल्यामेल्यांच्या अंगाचा वास येई. लोकर बिळांमधून गोळा होई आणि किती घ्यायची ते पंच ठरवत. पंच म्हणजे साळिंदरं. त्यांच्या अंगावर नुसते काटे, त्यामुळे त्यांच्याकडून काही घेण्याचा प्रश्नच नव्हता.

पद्धत जुनी होती. यंदा भिंतीला एकूण किती लोकर लागेल, ते आधी ठरायचं. मग मोजणीदार मुंगूस काठी घेऊन बिळोबिळी फिरायचा. ज्याचं बीळ जेवढं ऐसपैस, तेवढा त्याने आपल्या अंगावरून द्यायचा वाटा. आधी ठरलेली लोकर कधी कमी झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

भुऱ्या सशिणीच्या बिळात दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत तिची पिल्लं जन्मली आणि गेल्या थंडीत तिथेच गेली. त्यांना झाकण्यापुरतीही लोकर आईच्या अंगावर उरली नव्हती. खोलीत अजून त्यांचा वास होता. ती तिथेच झोपायची. पण आणखी एक थंडी उघड्या अंगाने निघणार नाही, हे तिला कळत होतं. मोजणी जवळ आली तसं तिने मन घट्ट केलं आणि ती खोली मातीने बुजवून टाकली. बुजवताना ती फार रडली.

वाटा आला तो गेल्या वर्षीएवढाच, वर मूठभर जास्त.

"मोजणीदार, माझं बीळ तर निम्मं झालंय!"

"सगळ्यांचीच झालीत, बाई," मुंगूस म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "यंदा टेकडीभर सगळ्यांनी खोल्या बुजवल्यात. भिंतीला लागायची ती लागणारच ना?"

"मग मी माझी खोली कशापायी घालवली?"

मुंगसाने काठी दुसऱ्या काखेत घेतली आणि तो पुढच्या बिळाकडे गेला.

लोकर देऊन सशीण परतली आणि उकरायला लागली. माती घट्ट बसली होती. खोली काही सापडेना, वासही येईना. दमून ती थांबली, तेव्हा शेजारून उकरल्याचा आवाज आला. मग खालून आला, मग सगळीकडून. जो तो आपली खोली शोधत होता.

वर भिंतीच्या आडोशाला पंच बसले होते. मुंगसाने जमिनीला कान लावला आणि बराच वेळ ऐकलं.

"काय म्हणतेय टेकडी?" थोरल्या साळिंदराने विचारलं.

"खोल्या वाढताहेत," मुंगूस म्हणाला, आणि त्याने काठी उचलली.